धुळीचे चार पौंड

एकशे चार पौंड माल तोलायचा आणि पैसे शंभराचेच घ्यायचे, असा एक रिवाज जुन्या लंडनच्या घाऊक बाजारात होता. सोडून दिलेल्या या चार पौंडांना तिथे ‘ट्रेट’ म्हणत. कशापायी सोडायचे, तर धुळीपायी. मालात काडीकचरा असणार, चढउतारात काही सांडणार, काही वाया जाणार. तेव्हा पोत्यापोत्यामागे हुज्जत घालत बसण्यापेक्षा जगात धूळ आहे हे एकदाच कबूल करून टाकलेलं बरं, असा त्यामागचा विचार. ट्रेटच्या आधी ‘टेअर’ वजा होई, म्हणजे पेटीचं, पिंपाचं, पोत्याचं वजन. आपले व्यापारी त्याला बारदान म्हणतात. आणि ट्रेट वजा झाल्यावरही एक चिमूट उरायची, तिचं नाव ‘क्लॉफ’. दर तीन हंड्रेडवेटांमागे आणखी दोन पौंड. हे कशाला? तर घाऊक माल घेणारा पुढे तो सुटा विकणार, सुटा विकताना दर खेपेला पारडं गिऱ्हाइकाकडे जरासं झुकणार, आणि अशा शेकडो झुकण्यांत त्या बिचाऱ्याचं जे जाईल ते आधीच भरून द्यायचं. (इंग्रजांचा हंड्रेडवेट शंभराचा नसून एकशे बारा पौंडांचा, हा पुन्हा निराळाच उदारपणा.) तिथल्या शाळकरी पोरांच्या अंकगणितात ‘टेअर अँड ट्रेट’ असा धडाच असे. आपल्या पोरांनी हौदाच्या तोट्या उघडण्या-मिटण्यात जसं बालपण घालवलं, तशी ती पोरं धूळ वजा करत करत मोठी झाली.

जुन्या इंग्रजी व्यापारकोशांची पानं चाळण्याचा मला एक निरुपद्रवी नाद आहे. काहीही विकायचं नसताना आणि विकत घ्यायची ऐपत नसताना दुसऱ्याच्या बाजारातून रमतगमत हिंडावं, तसा. व्यापाराची आणि कायद्याची भाषा म्हणजे कोरडेपणाची परिसीमा, असं आपण धरून चालतो. पण या शब्दांशी थोडी सलगी झाली, की ध्यानात येतं: जे हिशोबात बसत नाही त्यालाही हिशोबात कुठेतरी बसायला पाट दिलेला आहे. धूळ आहे, भरती-ओहोटी आहे, विझत्या ज्योतीचा धूर आहे, समुद्र आहे, राजेलोकांची लहर आहे. आणि या सगळ्यांपुढे एखादा आकडा किंवा एखादी मुदत अगदी गंभीर चेहऱ्याने मांडून ठेवलेली आहे.

ट्रेट वाचला तेव्हा मला आजोळची पेठ आठवली. आमच्या आप्पांची तिथे भुसाराची अडत होती. माल विकून झाला की शेतकऱ्याच्या हाती जी हिशोबपट्टी पडे, तीत हमाली, तोलाई, अडत, धर्मादाय यांच्या पंगतीला ‘कडता’ बसलेला असे. ओलीपायी, मातीपायी, खड्यांपायी जे वजन कापायचं त्याचं हे नाव. पोत्यात एक पोकळ लोखंडी सळई खुपसायची, तिच्या पन्हळीतून ओघळलेले दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारायची आणि आकडा बोलायचा. फुंकर मारणारा नेहमी अडतीचाच माणूस असे, त्यामुळे धूळ किती उडाली याबद्दल एकच मत पडे. एकदा तुरीची पोती घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्याने पट्टी नातवाकडून वाचून घेतली. मग पायताणं काढून तो गादीपाशी आला, ओंजळभर तूर आप्पांच्या पांढऱ्या चादरीवर पसरली आणि म्हणाला, ‘शेठ, यातली माती तेवढी निवडून द्या. माझ्याच रानातली हाय, घरी नेतो.’ आप्पांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा घातला. मग दिवाणजींना नवी पट्टी करायला सांगितलं. म्हाताऱ्याने तूर गोळा करून पोत्यात टाकली, चादरीवर उरलेली धूळ हाताने झटकली आणि जाताना आप्पांचा चहा पिऊन गेला. धूळ कुणाच्या खात्यावर टाकायची, या तंट्याचा इतका सुरेख निकाल मी पुढे कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात वाचलेला नाही.

इंग्लंडात मात्र धुळीच्या नावाचं चक्क एक कोर्ट होतं. मध्ययुगात तिथे जत्रा भरली, की जत्रेबरोबर तेही भरे. त्याचं नाव पायपाउडर. नाव ऐकून वरून पिठीसाखर भुरभुरलेल्या एखाद्या पदार्थाचा भास व्हावा. पण मूळ फ्रेंच शब्दांचा अर्थ ‘धुळीने माखलेले पाय’ असा. गावोगाव पायी हिंडणारे फेरीवाले, त्यांची उधारी, त्यांची खोटी मापं, त्यांच्या शिव्यागाळी आणि गचांडी धरण्याचे प्रसंग, हे सगळं या कोर्टापुढे येई. जत्रा उठली की फिर्यादी एका रस्त्याने जाणार आणि आरोपी दुसऱ्या, म्हणून निकाल तिथल्या तिथे, शक्य तर त्याच दिवशी. इप्सविच बंदरात दर्यावर्दी व्यापाऱ्यांचे दावे एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत चालवण्याचा रिवाज होता. गलबत सुटायच्या आत न्याय सुटला पाहिजे. कायद्याचा भाष्यकार ब्लॅकस्टोन याने १७६८ साली या कोर्टाचं वर्णन करताना म्हटलं, की हे देशातलं सगळ्यांत खालचं आणि सगळ्यांत झटपट न्यायालय. त्याच्याही आधीच्या एडवर्ड कोक या न्यायाधीशाची उपपत्ती मला अधिक प्रिय आहे: पायांवरची धूळ झडते न झडते तोच इथे न्याय मिळतो, म्हणून हे नाव. शब्दशास्त्राच्या दारात ही उपपत्ती कुणी उभी करणार नाही, पण कायदेपंडितालाही कधी कविता सुचते याचा तो पुरावा आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपण म्हणतो. या कोर्टाला पायरीच नव्हती.

बेन जॉन्सनने १६१४ साली लंडनच्या बार्थोलोम्यू जत्रेवर नाटक लिहिलं, त्यात या धुळीच्या कोर्टाचा न्यायाधीश वेषांतर करून जत्रेतले गुन्हे शोधायला निघतो आणि स्वतःच मार खाऊन खोड्यात अडकतो. जत्रा १८५५ साली बंद झाली. पण ब्रिस्टॉल शहरातलं पायपाउडर कोर्ट कागदोपत्री जिवंत राहिलं, ते थेट १९७१ च्या कायद्याने मोडीत निघेपर्यंत. तोवर माणूस चंद्रावरची धूळ बुटांना लावून घरी परतला, त्यालाही दोन वर्षं होत आली होती.

या जत्रांमधल्या खलनायकांची नावं तर एखाद्या संगीत नाटकात शोभावीत अशी आहेत. फोरस्टॉलर, रेग्रेटर आणि एन्ग्रॉसर. पहिला माल बाजारात पोचायच्या आत वाटेतच गाठून उचलणार. दुसरा बाजारात घेऊन त्याच बाजारात चढ्या भावाने विकणार. तिसरा सगळाच्या सगळा साठा गिळून बसणार. तिघेही गुन्हेगार, १५५२ साली त्यांच्यासाठी खास कायदा झाला. तो १७७२ मध्ये रद्द झाला तरी लोकांच्या मनातली धास्ती गेली नाही, आणि या धास्तीची तुलना अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्ये चेटकिणींच्या भीतीशी केली. जुन्या रूढ कायद्यातले हे गुन्हे अखेर १८४४ साली पुसले गेले. आज या तिघांनाही चांगल्या घरच्या मुली सांगून येतात. त्यातल्या तिसऱ्याचं तर सोनं झालं. घाऊक माल घेणाऱ्याला तिकडे ‘ग्रोसर’ म्हणत, एन्ग्रॉसरचा हा सख्खा भाऊ. १३४५ मध्ये लंडनच्या मिरी-मसालेवाल्यांनी आपला संघ काढला आणि पुढे हेच नाव मिरवलं. १३६३ च्या एका कायद्यात हे ग्रोसर सगळाच माल कोंडून धरतात अशी रीतसर तक्रार आहे. ज्याच्या नावाने संसदेने बोटं मोडली, त्याच्या नावाने आता घरोघरी महिन्याच्या याद्या निघतात.

पण मासलेवाईकपणात ‘मार्केट ओव्हर्ट’चा हात कुणी धरणार नाही. उघडा बाजार. त्याचा नियम असा, की चोरीची वस्तूसुद्धा भर बाजारात, दिवसाउजेडी, तिची चोरी ठाऊक नसताना कुणी विकत घेतली, तर ती त्याचीच. मूळ मालकाने हात चोळत घरी जावं. लंडनच्या जुन्या सिटीत तर रविवार सोडून रोज प्रत्येक दुकान हे उघडा बाजारच, मात्र त्या दुकानात नेहमी विकला जातो त्याच मालापुरतं. तर्क साधा होता: तुझी वस्तू चोरीला गेली ना, मग बाजारात जाऊन शोध, इतक्या उघड्यावर मांडली होती आणि तुला दिसली नाही, तर दोष तुझा. १९७३ साली लंडनच्या अपील न्यायालयापुढे, लॉर्ड डेनिंग यांच्यासमोर, चोरीला गेलेल्या जुन्या मेणबत्तीदाण्यांच्या एका जोडीचा दावा आला. घेणारा सरळ माणूस, बाजार उघडा, सौदा चोख. पण बाजार होता पहाटेचा, आणि सौदा झाला तेव्हा सूर्य उगवायचा होता. नियम तर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा. मेणबत्तीदाण्या मूळ मालकाकडे परत गेल्या. प्रकाशाच्या वस्तूंचा निवाडा प्रकाशानेच केला, यात मला तरी काव्यगत न्याय दिसतो. घेणाऱ्याला काय दिसलं असेल ते वेगळं. हा नियम इंग्लंडने जानेवारी १९९५ मध्ये काढून टाकला. आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्याने तो मुळी घेतलाच नव्हता, त्यामुळे मुंबईच्या चोर बाजारात भर दुपारी केलेल्या खरेदीलाही सूर्याची साक्ष चालत नाही.

इथे मलाकी पोस्टलथ्वेट यांची आठवण काढली पाहिजे. यांचा व्यापारकोश १७५१ ते १७५५ या काळात दोन जाडजूड खंडांत बाहेर आला. मूळ फ्रेंच कोशाचं ऋण त्यांनी मान्य केलंय. पण रिचर्ड कँटिलॉन नावाच्या, तोवर निवर्तलेल्या, अर्थपंडिताच्या हस्तलिखितातले उतारेच्या उतारे त्यात नाव न सांगता बसवलेत. व्यापाराच्या कोशात चोरीचा माल, तोही दिवसाउजेडी आणि उघड्या दुकानात मांडलेला. ग्राहकाने प्रामाणिकपणे घेतला असेल, तर त्या ज्ञानावर आता त्याची मालकी समजायला हरकत नसावी.

मेणबत्तीवरून मेणबत्तीचा लिलाव आठवला. सतराव्या शतकात लंडनमध्ये लिलाव पुकारताना एक इंचभर मेणबत्ती पेटवत. ती जळेपर्यंत बोली चालू, ज्योत विझण्याआधीची शेवटची बोली खरी. ईस्ट इंडिया कंपनीसुद्धा आपला माल असाच विके. आपल्या किनाऱ्यावरून गेलेलं मिरं तिथे एका ज्योतीच्या आयुष्यावर मोलाने चढत होतं. सॅम्युअल पेप्स हा आरमाराच्या कचेरीतला कारभारी. जुनी जहाजं अशीच विकताना त्याने पाहिली. आपल्या रोजनिशीतल्या १६६० च्या नोंदीत तो सांगतो, की आधी सगळे एकमेकांना पुढे ढकलत गप्प बसतात आणि अखेरच्या क्षणी एकदमच ओरडतात, मग शेवटी कोण ओरडलं हे ठरवता ठरवता पुरेवाट होते. पण १६६२ च्या सप्टेंबरात त्याला एक माणूस भेटला, ज्याची बोली दर वेळी नेमकी शेवटची ठरत होती. पेप्सने त्याला गुपित विचारलं. तो म्हणाला, ज्योत विझायला आली की तिचा धूर आधी खाली वळतो. तो वळला की मी बोलतो. पेप्स लिहितो, हे मी आजवर पाहिलंच नव्हतं. मला त्या खोलीत जाऊन बसावंसं वाटतं. तीस-चाळीस माणसं जहाजाकडे, शिडांकडे, शेजाऱ्याच्या खिशाकडे बघतायत, आणि कोपऱ्यातला एकटा माणूस केवळ धुराकडे. बाजारभाव, साठा, मागणी सगळं बाजूला. त्याने फक्त जळणं नीट पाहिलं होतं.

अशीच वाट बघण्याची नोकरीही होती. टाइड-वेटर. हा जकातीचा माणूस. थेम्सच्या मुखाशी ग्रेव्हझेंडला थांबायचं आणि भरतीबरोबर येणाऱ्या जहाजावर चढायचं. पुढे वारा येईल तशी पाठ फिरवणाऱ्यांनाही हे नाव चिकटलं, ते त्या खऱ्या टाइड-वेटरवर अन्यायाचंच झालं. तो बिचारा पगारावर वाट बघत होता.

आणि समुद्र म्हटला, की जुन्या विमापत्राला नमस्कार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. लंडनच्या लॉइड्समधल्या मंडळींनी १७७९ साली त्याचा नमुना पक्का केला. कोणत्या संकटांची जोखीम आम्ही सोसू, याची त्यात यादी आहे: समुद्र, लढाऊ जहाजं, आग, शत्रू, चाचे, भटके लुटारू, चोर, मग जगातले सगळे राजे, राजपुत्र आणि प्रजाजन यांनी केलेली अटक आणि अडवणूक, मग खुद्द कप्तान आणि खलाशांची लबाडी, आणि एवढ्यावरही काही राहिलं असेल तर तेही. एखाद्या आजीने दृष्ट काढताना आल्यागेल्याची, पापी-चांडाळाची, कुणाची म्हणून बाकी ठेवू नये, तशी ही यादी. जहाजाचा उल्लेख नेहमी ‘भलं जहाज’ असाच; बुडण्याच्या शंकेनेच ज्याचा विमा उतरवतोय त्याला आधी चांगलं म्हणायचं, ही रीत मला फार सुसंस्कृत वाटते. १७९१ साली न्यायमूर्ती बुलर यांनी हा मसुदा विसंगत आणि हास्यास्पद असल्याचं बजावलं. त्यानंतर तो जवळजवळ दोन शतकं वापरात राहिला. आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्याच्या परिशिष्टातही तो आहे. तेव्हा आपल्या माजी संस्थानिकांचे तनखे अजून चालू होते, त्यामुळे राजे-राजपुत्रांचा धोका अगदीच काल्पनिक म्हणता येणार नाही.

वादळात जहाज वाचवायला काही गाठोडी समुद्रात फेकावी लागली, तर ज्याची गाठोडी गेली त्याचं नुकसान सगळ्यांनी वाटून घ्यायचं, हाही तिथला पुरातन नेम. या नुकसानीला म्हणायचे ‘अ‍ॅव्हरेज’. अरबी व्यापाऱ्यांच्या बोलीतून इटलीच्या बंदरांत आणि तिथून फ्रान्समार्गे लंडनला आलेला हा शब्द. सरासरी हा अर्थ त्याला फार उशिरा, वाटणीचा हिशोब करता करता चिकटला. म्हणजे शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून कुणी तेंडुलकरचं कसोटीतलं अ‍ॅव्हरेज ५३.७८ असं सांगतो, तेव्हा त्या आकड्याच्या तळाशी भूमध्य समुद्रात बुडालेलं कुणाचं तरी गाठोडं असतं. नेम अजून चालू आहे. २०२१ च्या मार्चमध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे अजस्र जहाज सुएझ कालव्यात आडवं रुतलं, त्यावरचे पंचवीसही खलाशी भारतीय. पुढे जहाजमालकाने रीतसर जनरल अ‍ॅव्हरेज पुकारला. ज्यांच्या कंटेनरला साधा ओरखडाही उठला नव्हता, अशा हजारो लोकांना हमी भरून मगच आपला माल सोडवावा लागला. घरासाठी सोफा मागवलेल्या एखाद्याला, तू एका सागरी संकटातला सहप्रवासी आहेस, हे पत्राने कळावं, हे थोडं विनोदी आणि थोडं गंभीर आहे. सोफ्यावर बसताना त्याला निदान एकदा तरी लाटा आठवल्या असतील.

या सगळ्या शब्दांत मला सर्वांत लोभस वाटतात ते ‘डेज ऑफ ग्रेस’. मुदतीच्या हुंडीची तारीख भरली तरी देणेकऱ्याच्या दारात त्याच दिवशी उभं राहायचं नाही; आणखी तीन दिवस द्यायचे. आधी ती सावकाराची मेहेरबानी होती, मग रिवाज झाला, मग देणेकऱ्याचा हक्क. मेहेरबानीचा हक्क होणं, ही कुठल्याही भाषेत दुर्मीळ घटना. इंग्लंडने हे तीन दिवस १९७१ च्या कायद्याने काढून टाकले. ते सालच जुन्या चीजवस्तूंना लाभलं नाही. धुळीचं कोर्ट गेलं आणि शिलिंगांचा जुना हिशोबही त्याच वर्षी गेला. आपल्याकडे मात्र ते तीन दिवस टिकून आहेत. चेक परत गेला की ज्या १८८१ च्या कायद्याचं १३८ वं कलम सगळ्यांच्या तोंडी येतं, त्याच कायद्याच्या २२ व्या कलमात ते शांतपणे राहतात. तीनच कलमं पुढे गेलं की मात्र एक बारीक अट भेटते: दयेचा तिसरा दिवस सार्वजनिक सुट्टीला आला, तर देणं पुढच्या नव्हे, आदल्या कामकाजाच्या दिवशी द्यायचं. म्हणजे रविवार आडवा आला की तीन दिवसांची दया दोन दिवसांवर येते, आणि जोडून सुट्ट्या आल्या की तीही आटते. एका वकील स्नेह्यांना मी विचारलं, की दया वाढवायची सोडून कमी कशी काय केली? त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, ‘अहो, सुट्टीच्या दिवशी सावकारालाही झोप लागली पाहिजे ना.’